प्रमुख पाहुणे येईपर्यंत

आमच्या लोणखेड्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, कॅलेंडरच्या शेजारी एक प्रमाणपत्र टांगलेलं आहे. त्यावर माझं नाव आहे, नावाखाली 'साधन व्यक्ती' असं छापलेलं आहे, त्याखाली दोन सह्या आणि एक गोल शिक्का. कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चिकटवलेलं आहे. पाण्याने खराब होऊ नये म्हणून. आमची सौभाग्यवती तीन पावसाळे झाले मला एकच सांगते आहे, "काढी टाका ना ते. रोज दखतस नि रोज चिडतस." मी काढत नाही. चिडायचं कारण माणूस फार लवकर विसरतो, आणि हे कारण मला विसरायचं नाही.

मी उभा जन्म भूगोल शिकवला. नैऋत्य मोसमी वारे, उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र, डोंगराला अडणारे ढग. खडूने फळ्यावर तीन टेकड्या काढल्या की झाला सातपुडा. त्याच्या एका अंगाला बाण, दुसऱ्या अंगाला थेंब. शहाद्याच्या आसपासच्या किती पोरांनी माझे ते थेंब वहीत उतरवून घेतले असतील, मोजदाद नाही. खरा सातपुडा आमच्या गच्चीवरून दिसतो. पण पावसाळ्यात त्याच्यावर चढून बघावं असं मला निवृत्त होईपर्यंत कधी वाटलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्यात मी दुसऱ्यांना बरंच बोलणार आहे, तेव्हा स्वतःला वगळून चालणार नाही.

निवृत्तीनंतर एका संस्थेचे तरुण साहेब माझ्याकडे आले. बाहेरगावचे, शिकलेले, बोलायला गोड. ते म्हणाले, "सर, पाऊस किती पडेल एवढं सांगून भागत नाही. पडलेला पाऊस काय करील ते आधी सांगता आलं पाहिजे. कुठला रस्ता तुटेल, कुठली माणसं अडकतील, कोणी केव्हा हलायला हवं." मला ते तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. एवढी शहाणी गोष्ट सरकारी किंवा बिनसरकारी माणसाच्या तोंडून मी फार दिवसांनी ऐकत होतो. माझा राग त्या विचारावर नाही. चांगल्या विचाराची आपण काय गत करतो, त्यावर आहे.

आमचा जिल्हा म्हणजे खाली तापी, वर नर्मदा आणि मध्ये डोंगर. मोबाईलवर इशारा येतो तो सबंध जिल्ह्याला मिळून एकाच रंगाचा. पिवळा आला की शहाद्याकडचा केळीवाला नदीकाठची मोटार वर ओढायची की राहू द्यायची एवढाच विचार करतो. त्याच पिवळ्यात मोलगीच्या वरच्या पाड्यातल्या बाईला बाजार उरकून, नाला ओलांडून घरी जायचं असतं. दोघांना एकच रंग! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? साहेबांना हेच बदलायचं होतं. डोंगरातल्या माणसांना एकत्र बसवून, त्यांच्याच तोंडून, किती पावसाला कुठे काय होतं याचा तक्ता बनवायचा होता. अडचण एकच होती. डोंगरातली माणसं कार्यशाळेला येत नाहीत. कामं सोडून ती कशाला येतील?

तेव्हा मी म्हणालो, "मोलगीच्या बाजाराच्या दिवशी ठेवा. माणसं आपोआप येतील."

साहेबांनी माझा हात हातात घेऊन दाबला. ही अक्कल माझी होती. माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

ऐन पावसाळ्यातला तो दिवस मला तासातासाने आठवतो. पहाटेच्या गाडीने शहाद्याहून निघालो, तळोदा गेलं, अक्कलकुव्याला उतरून मोलगीची जीप धरली. घाटात धुकं होतं, वर मात्र लख्ख ऊन. जीप मोलगीच्या बाजाराशी थांबली तशा पाच-सहा बाया जीपकडे आल्या, वाकल्या, चाकांकडे बघितलं आणि परत गेल्या. मला वाटलं, चाक पंक्चर आहे की काय. मी खाली उतरून बघितलं तर चारही चाकं धड.

जीपवाला तळोद्याचा, पन्नाशीचा, आयुष्य या घाटात घासलेला. तो हसायला लागला. "पंक्चर नही सर. त्या बाया पानी दखतस. वरला पाडाथून जीप उनी नि तिनं चाक वल्लं ऱ्हायनं, की समजी लेवानं, वर पाऊस लागना. मंग त्या बजार सोडीसन पयतस. आपली जीप खालथून उनी, म्हनीसन परत गयात."

वरून येणाऱ्या जीपचं चाक ओलं असलं की वर पाऊस लागला आहे असं समजायचं आणि बाजार टाकून पळायचं. मला ते एवढं आवडलं की काय सांगू. मी ते डायरीत लिहून घेतलं. वर 'लोकज्ञान' असं शीर्षक दिलं, खाली रेघ मारली.

कार्यशाळा एका पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये होती. मागे बॅनर. बॅनरवर 'हंगामी मान्सूनच्या परिणामांचे पूर्वानुमान व आपत्ती धोका न्यूनीकरण' एवढं लांबलचक नाव, आणि त्याच्या कोपऱ्यात प्रमुख पाहुण्यांचा फोटो. पाहुणे मोठ्या पदावरचे होते. दुपारी एक वाजता येणार होते. ते आल्यावर त्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं वाटायची आणि मग समारोप.

माणसं खरंच आली. बाजाराला आलेलीच ती, शेडच्या सावलीला टेकायला, कोणी चहासाठी, कोणी जेवणाच्या पाकिटासाठी, कोणी नुसतं बघायला. पुढच्या रांगेत दोन बाया बसल्या होत्या, जावा-जावा. थोरली चाळिशी ओलांडलेली, चेहऱ्याने कडक. उन्हाळ्यात वाळवलेलं आमचूर विकून रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. धाकटी पंचविशीची असेल. हजेरीचा कागद फिरला तेव्हा बाकीच्यांनी अंगठे उठवले. धाकटीने पेन मागून घेतलं आणि जीभ दाताखाली धरून आपलं नाव लिहिलं. चांगलं ठळक लिहिलं. मी मास्तर माणूस. माझ्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "वा! हे नाव आता प्रमाणपत्रावर छापून मिळेल बरं का. प्लास्टिक लावून. पावसाने भिजलं तरी काही होणार नाही."

ती लाजली, हसली. थोरली हसली नाही.

सकाळचा वेळ मात्र सोन्यासारखा गेला. साहेबांनी भिंतीला मोठा कागद लावला, रकाने आखले. पाऊस कुठे पडला, पाणी कुठे आलं, किती वेळात आलं, कोणी काय करायचं. आधी सगळे गप्प. मग मी चाकांची गोष्ट सांगितली. जीपवाल्याने मला सांगितलेली, जणू मीच शोधून काढल्यासारखी सांगितली. टाळ्या पडल्या. मग थोरली बोलायला लागली. घरी त्यांची बोली भिलांची. आमच्याशी ती बाजारातली, अहिराणीतली मोडकीतोडकी बोलत होती, पण प्रत्येक शब्द तोलून. तिच्या पाड्याच्या वाटेवर एक नाला आहे, त्यावर फरशी आहे. फरशी म्हणजे पाण्याच्या अंगालगत बांधलेला बुटका पूल, कठडे नसलेला. वरच्या पाड्यावर पाऊस लागला, की टोपलीभर भाकरी भाजून होईपर्यंत फरशीवर पाय बुडतात. आणखी एक टोपली भाजून होईपर्यंत पाणी कमरेला येतं. मग सकाळपर्यंत वाट नाही.

साहेबांनी विचारलं, "टोपलीभर भाकरी म्हणजे किती मिनिटं?"

तिला ते सांगता येईना. तिने कधी घड्याळ लावून भाकरी भाजली नव्हती. साहेब म्हणाले, "सर, तासांत लिहू या. वर पाठवायचं आहे." मी भाकऱ्यांवर काट मारली आणि 'अंदाजे एक ते दोन तास' असं लिहिलं. नाल्याचं नाव विचारलं तर ती म्हणाली, नाल्याला कशाला नाव, नाला तो नाला. मग 'अनामिक स्थानिक नाला' असं लिहिलं. आणि शेवटच्या रकान्यात, 'कोणी काय करायचं' याच्याखाली, माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'जीपचे चाक ओले दिसताच तत्काळ निघावे.'

हे वाक्य मी स्वतः लिहिलं. त्याच भिंतीला ते दुपारभर लटकत होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभा होतो.

एक वाजला. पाहुणे नाहीत. फोन केला तर निघताहेत. सव्वा वाजता फोन केला तर निघालेत. जेवणाची पाकिटं वाटली. माणसं उठायला लागली तसं साहेब कासावीस झाले. हजेरीवरून बाजारातच नावं छापून, प्लास्टिक लावून आणलेली प्रमाणपत्रं टेबलावर रचून ठेवलेली, फोटोवाला तयार, आणि समोर माणसंच नसतील तर पाहुणे काय भिंतीला भाषण देणार? साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "सर, तुम्ही यांच्या भागातले. तुमचं ऐकतील. थोडा वेळ बसवून ठेवा." मी त्यांच्या भागातला! डोंगराच्या पायथ्याचा मास्तर मी, डोंगरातल्यांच्या भागातला कधी झालो? पण ऐकायला बरं वाटलं. फुगलो. माईक घेतला आणि पावसाची माहिती सांगत बसलो, उपसागरातल्या कमी दाबापासून.

दीड वाजून गेला असेल. जेवणानंतर शेडच्या दाराशी येऊन बसलेली थोरली उठून उभी राहिली. बाहेर वरच्या पाड्यांकडून आलेली जीप थांबली होती. तिची चारही चाकं ओली, मडगार्डला ताजा लाल चिखल, टपावरच्या ताडपत्रीतून पाणी गळत होतं. शेडवर मात्र ऊन चमकत होतं.

"पानी उनं," ती म्हणाली. "आमी जातस."

साहेबांनी खिशातून मोबाईल काढला आणि बघितलं. त्या दिवशीचा रंग साधा होता, हलका ते मध्यम पाऊस, इशारा नाही. त्यांनी मला मोबाईल दाखवला. मीही बघितलं. मी काय केलं ते आता सांगतो, म्हणजे ते एकदा लिहिलं जाईल. मी माईकवरून म्हणालो, "बसा मावशी, बसा. मोबाईलवर इशारा नाही. पाहुणे घाटात पोचलेत, पाच मिनिटांत येतील. कार्यक्रम अर्धवट सोडून जाऊ नये."

थोरलीने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिथे काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं, तिनेच सांगितलं होतं. पिशवी बगलेत मारली आणि चालू लागली. तिच्यामागून तिच्या वाटेची दहा-बारा माणसं उठून गेली. साहेब चिडले. "यांच्यासाठीच करतो आहोत आपण हे सगळं," असं म्हणाले.

धाकटीही उठली होती. दारापर्यंत गेली. तिथून तिने टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. विचारल्यासारखं. मी हाताने खूण केली, बस. मी हसून खूण केली. मास्तर म्हणतात तर बसावं, असं शाळेत न गेलेल्या मुलीलाही वाटतं. ती बसली.

पाच मिनिटं म्हणालो होतो. पाहुणे आले पावणेचारला. त्यांच्या गाडीला घाटातही पाऊस लागला नव्हता, चाकं कोरडी ठणठणीत. हार झाला, नारळ झाला, दिवा लावताना वाऱ्याने तीनदा विझला. मग भाषण. पाहुण्यांनी पहिलंच वाक्य म्हटलं, "बंधूभगिनींनो, आपत्ती कधी सांगून येत नाही."

अहो, सांगूनच आली होती! दीड वाजता चार चाकांवर बसून आली होती, दारात उभी राहिली होती, तिच्या अंगावरून पाणी गळत होतं. सगळ्यांनी बघितली. मीही बघितली. आणि तिला आम्ही म्हणालो की पाहुणे येईपर्यंत जरा थांब. आजही एखाद्या समारंभात कोणी हे वाक्य बोललं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी उठून बाहेर जातो. लोक समजतात, म्हाताऱ्याला लघवीला लागली.

प्रमाणपत्रं वाटली. धाकटीचं नाव पुकारलं, तिने दोन्ही हातांनी घेतलं, पाहुण्यांनी फोटोसाठी तिला जरा तिरपं उभं राहायला सांगितलं. मीही माझं घेतलं. मग ती धावतच बाहेर गेली. निघताना मी तिला बघितलं ते एवढंच, लगबगीने पळणारी पाठ. मला पाहुण्यांच्या मागच्या गाडीत जागा मिळाली होती. थेट अक्कलकुव्यापर्यंत. गादी मऊ होती. घाट उतरेपर्यंत मला डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. "सर, एक अडचण झाली."

अडचण! बाई वाहून गेली त्याला अडचण म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तिला सोडायला गेलेल्या जीपवाल्याने फरशीच्या अलीकडे गाडी थांबवली. बरोबरच्या दोघीजणी काठावर बसून राहिल्या. तिची लहान लेक घरी वाट बघत होती. ती म्हणाली, कमरेलाच तर आहे. अर्ध्या फरशीवर गेली आणि तेवढ्यात वरून लोंढा आला. सकाळी खाली दूर, झाडाच्या मुळ्यांत सापडली. थोरली आणि तिच्याबरोबरची माणसं दुपारीच पार झाली होती, त्यांच्या वेळी पाणी पिंढरीला होतं. ज्यांनी माझं ऐकलं नाही ते सगळे घरी पोचले. जिने ऐकलं ती नाही पोचली. याहून सरळ हिशेब मला कोणी शिकवलेला नाही.

फोनवर साहेबांनी पुढे विचारलं, "सर, अहवाल आजच पाठवायचा आहे. हजेरीत तिची सही आहे. सहभागींच्या यादीत तिचं नाव राहू द्यायचं का?"

मी फोन ठेवून दिला. तो तरुण काही राक्षस नव्हता. रडतही असेल फोन ठेवल्यावर. पण त्याच्या डोक्यात एवढं पक्कं भरवलं होतं कोणीतरी, की माणूस मेलं तरी आधी अहवाल.

अहवाल गेला. यादीत तिचं नाव राहिलं. भिंतीवरचा तक्ता टाइप होऊन गेला, त्यात माझं वळणदार वाक्यही गेलं. कार्यशाळा यशस्वी झाली असं त्यात लिहिलं आहे. वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी आल्या: पाण्याचा अंदाज न आल्याने महिला वाहून गेली. दरवर्षी हेच छापतात. गाव बदलतं, बाई बदलते, वाक्य तेच. अंदाज नव्हता? तिच्या जावेला अंदाज होता, त्या जीपला होता, बाजारातल्या आमचूर विकणाऱ्या प्रत्येक बाईला होता. अंदाज नव्हता तो आम्हाला, ज्यांनी त्याच नावाचा बॅनर लावला होता.

मी पत्र लिहिलं. संस्थेला लिहिलं, वर लिहिलं, त्याच्याही वर लिहिलं. साधं मागणं होतं. अहवालात एवढंच घाला की दीड वाजता लोकांना निघायचं होतं आणि आम्ही त्यांना बसवलं; मी, अमुक अमुक याने, बसवलं. पुढच्या वेळी कोणी असा कार्यक्रम ठरवील तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर राहील. दोन महिन्यांनी उत्तर आलं: 'आपल्या भावना पोहोचल्या.' माझ्या भावना नव्हत्याच त्या. माहिती होती. माहिती आवडली नाही की तिला भावना म्हणायचं आणि फाइलला लावायचं, हा आपल्याकडचा रिवाज आहे. पुढच्या वर्षी त्यांचा पुन्हा फोन आला, शहाद्यात कार्यशाळा आहे, साधन व्यक्ती म्हणून याल का. मी म्हणालो येतो, पण प्रमुख पाहुणे नकोत आणि कोणाला निघायचं असेल तर निघू द्यायचं. पलीकडचा माणूस हसला. त्याला वाटलं सर गंमत करताहेत. नंतर फोन आला नाही.

एवढा सगळा आव आणणारा मी, तिच्या पाड्यावर मात्र गेलो नाही. तो पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पत्रं लिहायला मला वेळ होता, कागदी घोडे नाचवायला मीही कमी नव्हतो, पण डोंगर चढायची हिंमत नव्हती. शेवटी बायकोच एक दिवस म्हणाली, "सगळासवर चिडतस. जिना घर जावाले पाहिजे तथा कधी जाशात?" दुसऱ्या दिवशी मी निघालो. आषाढ होता. तोच तळोद्याचा जीपवाला मिळाला. त्याने फरशीपाशी आल्यावर गाडी हळू केली आणि हाताने दाखवलं तेवढं. फरशीवर पाणी नव्हतं. खडखडीत. त्याच्याहून किरकोळ पूल मी आयुष्यात बघितला नसेल.

जीपवाला म्हणाला, तो वरच्या पाड्याला भाडं सोडून येतो, तोवर तुम्ही भेटून घ्या.

थोरली अंगणात होती. मला तिने ओळखलं. बस म्हणाली नाही, खाट मात्र ओढून दिली. पाच-सहा वर्षांची एक मुलगी तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली. ती धाकटीची लेक, हे सांगावं लागलं नाही. घराची भिंत कुडाची, बांबू विणून शेणामातीने लिंपलेली. बांबूच्या फटीत एक फणी खोवलेली होती आणि तिच्या शेजारी ते प्रमाणपत्र. ओच्यात खोचलेलं सापडलं होतं म्हणे. प्लास्टिकच्या आत एक थेंब गेला नव्हता. नाव स्पष्ट वाचता येत होतं, तिचं आणि खाली पाहुण्यांचं. माझ्या घरी आहे तसंच, त्याच गठ्ठ्यातलं.

मी बोलायला सुरुवात केली. चूक माझी होती, मी असं म्हणायला नको होतं, मी पत्रं लिहिली आहेत, मी वर कळवलं आहे. बरंच बोललो. जन्मभर वर्गात बोललो, बोलता येतं मला. तिने सगळं ऐकून घेतलं. डोंगरात लहानथोर सगळ्यांना तू म्हणतात, तशी ती मला म्हणाली:

"त्या दिनले तूच तिले बसाले सांगं ना? आते तिले उठाले सांग."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी खाटेवर हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलो, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखा. ऊन होतं. कोंबड्या अंगणात होत्या.

मग वरच्या बाजूने जीप आली. तोच जीपवाला, मला न्यायला. गाडी अंगणाच्या कडेला थांबली आणि थोरलीने माझ्याकडे नाही, खाली चाकांकडे बघितलं. मीही बघितलं. चाकांना ताजा लाल चिखल होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

आणखी थोडा वेळ मला बसू दिलं असतं तरी चाललं असतं तिला. नाला माझ्यासाठी थांबणार नव्हता, आणि तिचं माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने तेच केलं असतं, असं मी स्वतःला वर्षभर सांगत आलो होतो. आज ती माझ्या जागी होती, आणि तिने मला बसवून ठेवलं नाही.

"चाक वल्लं शे," ती म्हणाली. "ऊठ."

मी उठलो.